पिठाची हळद

एका सकाळी मी खोटं बोलायला हवं होतं आणि मी खरं बोललो. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. पण ही चूक कुणाला सांगायला गेलो की ऐकणारा मलाच भला माणूस समजतो. ‘खरं बोललात, मग त्यात चुकलं काय?’ असं विचारतो. त्याला समजवायला मला फार मागे जावं लागतं, आणि तोवर त्याला जांभई आलेली असते. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या गावच्या कोंडिबाच्या थोरल्या मुलीचं, कौसाचं, ठरलेलं लग्न माझ्यामुळे मोडलं. आधी माझ्या हौसेनं त्याला तडा गेला, आणि नंतर माझ्या खरेपणानं ते पुरतं मोडलं.

हे आज लिहायला बसलो, कारण पुन्हा हळद शिजायला लागली आहे.

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या भागात, वसमतपासून आखाडा बाळापूरपर्यंत, शिवारातून एक वास उठतो. ओल्या मातीचा, कापराचा आणि कडवट औषधाचा असा मिळून एकच वास. पाला कापून झालेला असतो. कुदळीनं गड्डे उकरायचे, माती झाडायची, बायांनी मांडी घालून बसायचं आणि गड्ड्यांची बोटं मोडून वेगळी करायची. मग लोखंडी कढया चुलवणावर चढतात. वरून हळदीचाच पाला, त्यावर ओलं गोणपाट. वाफ कडेनं फुसफुसत राहते. शिजली का नाही हे बघायला गड्ड्यात काडी टोचायची. पुढे कितीतरी दिवस खळ्यावर वाळवण पसरलेलं. त्या दिवसांत आमच्या गावात पांढरं काही राहत नाही. धोतरं पिवळी, वासरांची तोंडं पिवळी, दारांच्या चौकटींवर हातांचे पिवळे ठसे. अंघोळीचं पाणी वाहून जातं त्या नाल्या पिवळ्या. ताकाच्या लोट्याला तोंड लावलं तरी जिभेवर तीच चव.

लहानपणी हा वास मला आवडायचा. आता तो आला की मी विनाकारण घरातल्यांवर चिडतो. बायको म्हणते, “आले वाटतं तुमचे दिवस.”

हेच परीक्षांचेही दिवस. हैदराबादला विद्यापीठात मी मराठी शिकवतो, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गाला ‘चित्र आणि शिक्षण’ या विषयावर व्याख्यानं देतो. दुसरा विषय मीच भांडून सुरू करून घेतला. त्याआधी काही वर्षं मी पुण्याच्या एका स्टुडिओत होतो. एम.ए. झालेला माणूस सिनेमात गेला म्हणून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मूकपट संपून बोलपट आले होते, संवाद लिहिणारी माणसं हवी होती. मी संवाद लिहायचो, दिग्दर्शकाच्या हाताखाली राबायचो, संपादनाच्या खोलीत फिल्मचे तुकडे जोडायचो. तिथे मला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणायचे, आणि ते कौतुकानं नव्हे. एखाद्या प्रसंगात राजाच्या तोंडी चुकीचा शब्द आहे असं मी म्हटलं की दिग्दर्शक ओरडायचा, “प्रोफेसर, तुमची शाळा सुटल्यावर सांगा, मग शॉट घेऊ.” पुढे विद्यापीठात आलो, तर तिथले सहकारी मला पाठीमागे ‘नटसम्राट’ म्हणायचे. सिनेमाही शिकवण्याचा विषय आहे, असं मी सभेत बोललो की वयस्कर मंडळी एकमेकांकडे बघून हसायची. एकानं तर मला विचारलं होतं, “मग नाचाचा तास किती वाजता ठेवायचा?”

दोन घरं असलेल्या माणसाला कुठल्याच घरी जेवण मिळू नये, तसं माझं झालं होतं. त्या काळात मी सतत धुमसत असे. या दोन्ही जगांना मला एकदा दाखवून द्यायचं होतं. सिनेमावाल्यांना दाखवायचं होतं की खरं चित्रण काय असतं, आणि विद्यापीठाला दाखवायचं होतं की चित्र शिकवू शकतं. कौसाचं जे झालं त्याच्या मुळाशी हा माझा राग आहे. दुसऱ्या कुणाचं काही नाही.

स्टुडिओत लग्नाचे प्रसंग आम्ही पुष्कळ केले. एकच नटी एका महिन्यात तीन नवऱ्यांशी लग्न करायची. तिच्या अंगाला लागायची ती हळद पिठाची. त्या वेळच्या फिल्मवर पिवळा रंग काळपट उतरायचा. खरी हळद लावली तर नवरी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसायची. म्हणून तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि गालांना लावायचं. पडद्यावर ते छान हळदीसारखं दिसे. शॉट संपला की ती नटी तोंड पुसून भजी खायला बसायची. मला त्या पिठाचा भारी तिरस्कार होता. आपण खोटं विकतोय, असं वाटायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा फाल्गुन. विद्यापीठानं शाळांना दाखवण्यासाठी एक छोटा चित्रपट करायला मला परवानगी दिली, थोडी कच्ची फिल्मही दिली. मी विषय घेतला हळद, आणि जागा अर्थातच आमचं गाव. कॅमेऱ्याला हिंगोलीचे यासीनभाई आले. ते पुण्याच्या स्टुडिओत माझ्याबरोबर होते, नंतर गावी परतून त्यांनी फोटोचं दुकान टाकलं होतं. वसमतला रेल्वेतून उतरून, पेटारे बैलगाडीत घालून आम्ही आलो तेव्हा गावची सगळी पोरं गाडीमागे पळत होती. चांदीचा कागद लावलेली फळी उन्हात धरली की तिचा कवडसा देवळाच्या भिंतीवर नाचायचा, आणि म्हातारी माणसं हात जोडायची.

ते दिवस खरोखर सुखाचे होते, हे मला लिहायलाच हवं. उकरणी झाली, शिजवणी झाली. कढईवरचं गोणपाट उचलल्यावर उसळलेली वाफ आणि तिच्या आड उभ्या राहिलेल्या बायका, असं चित्र मी त्याआधी कुठल्याही पडद्यावर पाहिलं नव्हतं. यासीनभाई हँडल फिरवता फिरवता म्हणाले, “प्रोफेसरसाब, असा पिक्चर पुन्यावाल्यांच्या बापानं केला नसंल.” मी फुगून गेलो.

शेवट काय करायचा, हे मी रात्रंदिवस घोकत होतो. जमिनीतून निघालेली हळद शेवटी माणसाच्या अंगाला लागते, तिथे चित्रपट संपला पाहिजे. आणि हळद लागायची तर नवरी हवी. कोंडिबाच्या कौसाचं लग्न सेनगावकडच्या एका घरात ठरलं होतं, वैशाखातली तिथी धरली होती. चौदा-पंधराची पोर, रेखीव चेहऱ्याची, जिभेनं तिखट. कोंडिबा आमचंच रान बटाईनं, अर्ध्या वाट्यानं करायचा. मी त्याला म्हटलं, “वैशाखात लागायचीच आहे हळद. आता कॅमेऱ्यासाठी एकदा लावू.”

कोंडिबानं पागोटं काढून परत घातलं. म्हणाला, “मास्तर, तुमी म्हनता तर बराबरच असंल.”

त्याचा होकार मला प्रेमाचा वाटला. नाही म्हणायची त्याची सोयच नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कौसाला तर मी विचारलंच नाही.

खळ्यावर पाट मांडला, चौक काढला. यासीनभाई माझ्या कानाशी आले. “साब, पीठ लावू. खरी हळद काली येती, तुमाला मालूम आहे.”

“मालूम आहे,” मी म्हणालो. “पण हा शिकवायचा चित्रपट आहे. यात पीठ चालणार नाही.”

“मग काली दिसंल.”

“काळी दिसली तरी खरी असेल.”

ही माझी वाक्यं मला तेव्हा फार थोर वाटली होती.

पाच सवाष्णी आल्या. कौसाची आई गयाबाई ताटली घेऊन उभी होती, पण हात पुढे करेना. तिची सासू, गावची जुनी बाई, मला म्हणाली, “मास्तर, हळद येकडाव लागती. आत्ता लावली तर वैशाखात काय लावावं लेकराला?”

“हे नुसतं चित्र आहे, आजी.”

“चित्रात हळद हाय ना पर? का न्हाई?”

बाकीच्या बाया हसल्या. दुसरी एक म्हणाली, “आन आधी नवरदेवाला लागती की. त्याची उष्टी हळद पोरीला. नवरदेव कुठाय हितं? का यासीनभाईलाच बसवता पाटावर?”

आता सगळंच खळं हसलं. यासीनभाईंनी कानाला हात लावला. ऊन उतरायला लागलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर वडाची सावली पाटावर आली असती आणि तो दिवस वाया गेला असता. मी घाईत होतो, आणि मला विधीही पुरा हवा होता. मी पुढे झालो, ताटलीत बोटं घातली, थोडी हळद माझ्याच मनगटाला पुसली आणि म्हणालो, “घ्या, झाली उष्टी. आता लावा.”

पुन्हा हशा झाला. माझी बायको तिथंच उभी होती, तीही हसली. गयाबाई मात्र हसली नाही. कौसानं मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत खाली घातली. मला ती नजर नवरीची म्हणून फार योग्य वाटली. मी यासीनभाईंना म्हणालो, “फिरवा!”

बायांनी तिला हळद लावली. गाणी म्हटली. मीच सांगितलं होतं, सगळं खरं करा, आणि त्यांनी सगळं खरं केलं.

बाळापूरच्या आठवडी बाजारात ही गोष्ट दोन-तीन आठवडे फिरली असेल. मग एका सकाळी सेनगावकडून नवऱ्या मुलाचे मामा आले. ते कोंडिबाकडे न जाता आधी आमच्या ओसरीवर आले. भला माणूस होता. आज मला त्याचा प्रत्येक शब्द आठवतो, कारण प्रत्येक शब्दात तो माझ्यासाठी वाट करून देत होता. कोंडिबा बातमी ऐकून धावत आला होता आणि पायरीखाली उभा होता.

मामा म्हणाले, “मास्तर, बाजारात लोक कायबाय बोलून राहिले. मी म्हनलं, अरे, सिनेमातलं काई खरं असतं व्हय? तिथं राजा मरतो आन इड्या वडत बसतो. पीठबीठ लावलं असंल तोंडाला. असंच हाय ना?”

मी त्यांच्यापुढे चहाची बशी केली.

“तुमी मोठी मान्सं. तुमी पीठ म्हना, की मी चाललो. गावात मी सांगतो काय सांगायचं ते.”

किती सोपं होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण त्या क्षणी मला ऐकू आला तो ‘सिनेमातलं काई खरं असतं व्हय’ हा प्रश्न. तोच प्रश्न मला विद्यापीठाच्या सभेत विचारला जात होता, त्यालाच उत्तर द्यायला मी हा चित्रपट केला होता. माझ्या आतला सगळा साठलेला राग उठून उभा राहिला. मी म्हणालो, “नाही, मामा. माझ्या चित्रपटात खोटं काही नाही. हळद खरी होती. याच खळ्यातली.”

“आन ते... उष्टी का काय केली म्हनतात?”

“विधीत जे असतं ते सगळं केलं. मी स्वतः केलं.”

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. “बराबर हाय,” ते म्हणाले. “खरं बोललात. घरात नेऊन मग कळलं असतं तर लई तकलीफ झाली असती.” आणि उठून, कोंडिबाकडे न बघता, गाडीकडे गेले.

कोंडिबा रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पायरीशी उभा होता, आणि मी अजून काही बोलेन, अशा आशेनं माझ्याकडे बघत होता.

आयुष्यात त्या एका सकाळी मी सिनेमावाला असायला हवं होतं. तेव्हाच नेमका मी प्रोफेसर झालो.

विद्यापीठात चित्रपट दाखवला तेव्हा मोठे लोक आले होते. वाफेचं दृश्य आलं, सगळे शांत झाले. मग शेवट आला. पाटावर बसलेली एक मुलगी, आणि बायका तिच्या गालांना, कपाळाला, हातांना काळं काहीतरी फासतायत. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी मागे वळून अगदी अदबीनं विचारलं, “जनाब, इस लड़की ने क्या क़सूर किया है?” सभागृह हसत सुटलं.

मी हरलो होतो. पण मी शिकवणारा माणूस; हरण्याचंही मी व्याख्यान केलं. पुढल्या वर्षीपासून प्रशिक्षण वर्गाला मी तो तुकडा दाखवू लागलो. खरं पडद्यावर खोटं कसं दिसतं आणि पीठ खरं कसं दिसतं, हे मी त्या मुलीच्या चेहऱ्यावरून समजावून सांगायचो. ते व्याख्यान गाजलं. दुसऱ्या कॉलेजांतून मला बोलावणी येऊ लागली. परीक्षेत त्यावर प्रश्न निघू लागला. फाल्गुन-चैत्रात मी उत्तरपत्रिका तपासायचो आणि पानापानांवर, मुलांच्या वेगवेगळ्या अक्षरांत, तोच काळा चेहरा मला भेटायचा. तीच मुलगी त्याच दिवसांत आमच्या गावी खळ्यावर हळद घासत असायची, हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं.

एकदा नांदेडकडच्या एका मुलानं व्याख्यान संपल्यावर विचारलं, “सर, तिचं पुढं लग्न कुणाशी झालं?”

मी म्हणालो, “कल्पना नाही.”

बघा, खोटं बोलता येत होतं मला.

कौसाचं लग्न झालं नाही. स्थळं आली आणि वेशीवरूनच परतली. कुणी म्हणायचं तिला हळद लागलेली आहे, कुणी म्हणायचं मास्तरांची हळद लागलेली आहे. ना ती कुमारिका राहिली, ना सवाष्ण झाली, आणि विधवा म्हणावं तर कुणी मेलेलं नव्हतं. गावात तिला ठेवायला खणच नव्हता. तिच्या मैत्रिणींच्या हळदींना तिला बोलावणं जात नसे. त्या हळदी तिनंच शिजवलेल्या, वाळवलेल्या असत. पाच-सात गावांत तिच्यासारखी हळदीची पारख कुणाला नाही, असं व्यापारी म्हणायचे. पण दळून ताटलीत आली की त्या हळदीला तिनं शिवायचं नव्हतं.

पूर्वी ती मला काका म्हणायची. त्या वैशाखानंतर तिनं मला हाकच मारली नाही. काका म्हणावं तर लोक हसणार, दुसरं काही म्हणणं शक्य नाही. रस्त्यात भेटली की बाजूला होऊन उभी राहायची.

मी हात जोडले नाहीत असं नाही. कोंडिबाकडे गेलो होतो. तो म्हणाला, “तुमचं काय चुकलं, मास्तर? आमचंच नशीब फुटकं.” खरं सांगायचं तर हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची लाज मला घरी आल्यावर वाटली. माझ्या बायकोला मी विचारलं होतं, तू इतकी वर्षं मला एका शब्दानं बोलली नाहीस ती का? ती म्हणाली, “तुम्ही ताटलीत हात घातलात तेव्हा मी हसले होते. मी कुठल्या तोंडानं बोलू?”

यंदा परीक्षा होतील की नाही हेच कुणाला माहीत नाही. हैदराबाद राज्य स्वतंत्र हिंदुस्थानात जायचं की नाही यावरून गावोगाव हिंदू-मुसलमानांत मारामाऱ्या, जाळपोळ चालली आहे. कॉलेजं ओस पडली आहेत. मी बायकोला घेऊन गावी आलो, तर गावातलीही बरीच घरं कुलपं लावून राज्याच्या हद्दीपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडकडे गेलेली. यासीनभाईंनी हिंगोलीहून निरोप पाठवला: ‘यंदा नको भेटायला. तुमालाही धोका, मलाही.’ आमच्या मैत्रीवर अशी वेळ यावी, याचाही संताप करायचा कुणावर, कळत नाही. ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली आहेत ते घाईघाईनं लग्नं उरकून टाकतायत. कोंडिबानंही धाकटीचं, दुर्गाचं, बाळापूरच्या एका घरात जमवलं आहे. शिजवणी आणि लग्न एकाच पंधरवड्यात.

परवा बायको त्यांच्याकडून आली आणि चुलीपुढे बसली. मग म्हणाली, “विहीण आली आहे. सांगते, थोरलीला मांडवात येऊ देऊ नका. गयाबाई हो म्हणाली.”

“आणि कौसा?”

“ती खळ्यावर आहे. कामाला.”

मी तसाच निघालो. डोक्यात एकच होतं. विहिणीला गाठायचं आणि सांगायचं की ती हळद पिठाची होती, स्टुडिओची युक्ती होती, मी आजवर मोठेपणासाठी लपवलं. किती नीट जुळवलं होतं मी ते! वाटेत मनातल्या मनात संवाद म्हणून पाहत होतो, पुण्यात म्हणायचो तसे.

खळ्यावर दुपारचं ऊन होतं. आधी काढलेली, वाळलेली हळद गोणपाटावर घालून बाया पायानं घासत होत्या, त्याची पिवळी धूळ उडत होती. बाजेवर विहीण बसली होती, तिच्याजवळ गयाबाई. कोंडिबा भिंतीच्या सावलीला. कौसा मधोमध उभी राहून हळकुंडं निवडत होती. केसांत, भुवयांत पिवळं. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

“या,” ती म्हणाली. “आज पेटारे न्हाई आनले?”

एक बाई फिसकन हसली. गयाबाई म्हणाली, “कौसे, त्वांड आवर.”

मी विहिणीकडे वळलो. “बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या वेळी जी हळद होती ना, ती खरं म्हणजे पीठ...”

“गप ऱ्हावा,” कौसा म्हणाली.

इतकी वर्षं तिचा आवाज मी इतक्या जवळून ऐकला नव्हता.

“आता पीठ? म्या व्हते की त्या पाटावर. चार दिस निघाली न्हाई गालाची. जवा मामा ओसरीवर बसून पीठ म्हना म्हनत व्हता, तवा तुमाला खरं बोलायचं व्हतं. आता तुमाला खोटं बोलायचंय. दोनी डाव तुमचंच समाधान. माझं काय हाय त्यात?”

पायांनी घासायचा आवाज थांबला होता.

“कौसे, मास्तर भल्यासाठीच...” कोंडिबा बोलू लागला.

“त्यायनी भल्यासाठीच केलं, बापा. लई वर्सं झाली ऐकून राहिले मी.” मग माझ्याकडे न बघता, हळकुंडं चाळत, “काहून येऊन राहिले तुमी? सांगायला आले असाल तर मला सांगा. तिला काहून सांगता? मोडलं माझं व्हतं.”

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. उतरतं ऊन, ती सावली, विद्यापीठाची सभा, दिग्दर्शकाचं ओरडणं, काळी उतरणारी फिल्म. कितीदा मी हे सगळं मनात मांडलं होतं, कौसासमोर बोलून दाखवण्यासाठी. तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा त्यातलं प्रत्येक वाक्य मला माझ्याच बाजूचं वाटलं. मी ते बोललो नाही. विहिणीला, गयाबाईला, घासणाऱ्या बायांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण तिच्याकडे बघून मी म्हणालो:

“कौसा, तुला न विचारता मी तुला पाटावर बसवलं. तुझ्या हळदीत थट्टेनं हात घातला. तुझं लग्न मोडत होतं तेव्हा एका शब्दानं ते वाचलं असतं, पण मला माझं नाव जास्त प्यारं होतं. आणि त्यानंतर तुझा चेहरा दाखवून मी वर्गात टाळ्या घेतल्या. तुझ्याकडून काही चुकलं नाही, नशिबाकडूनही नाही. हे सगळं मी केलं. दुर्गाच्या मांडवाबाहेर कुणी राहायचंच असेल तर ते मी राहायचं, आणि मी राहणार आहे. माफ कर म्हणायला मी आलो नाही, ते तुझ्याकडे राहू दे. माझं चुकलं.”